शेवटपर्यंत थांबलेलं नाव

आमच्या नांदेडच्या कॉलेजातल्या खोल्या परीक्षांसाठी अडकल्या, आणि बी.ए. तिसऱ्या वर्षाचा माझा राज्यशास्त्राचा तास महिनाभर मोबाइलवर आला. बत्तीस वर्षं पोरांच्या तोंडाकडे बघून शिकवलेली बाई मी; आता समोर नावं लिहिलेले काळे चौकोन. पोरांचे माइक मीच बंद करून टाकले होते, नाहीतर एकाच्या घरी कुकर शिट्ट्या मारी, दुसऱ्याकडे म्हैस ओरडे. हजेरीला किंवा काही विचारायला पडद्यावर हाताचं चित्र वर करायचं.

तास संपला की वर्ग रिकामा होईपर्यंत थांबायचं, ही माझी जुनी सवय. कुणाला सगळ्यांदेखत न विचारता आलेलं काही विचारायचं असतं. इथं पोरं भुर्रकन उडून जायची आणि एकच नाव मागे राहायचं, शिवकन्या.

"शिवकन्या, काही शंका आहे?"

हात वर नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी खुर्चीत चुळबुळत, एकटीच बडबडत बसे आणि शेवटी चिडून मोबाइल बंद करी. सुरुवातीला हात वर करायचा, मोबाइल ठेवून द्यायचा आणि गावभर हिंडायचं, असंच ती करत असणार याची मला खात्री पटली. मी अकरा दिवस तिची गैरहजेरी मांडली.

हजेरी कमी पडली, परीक्षेचा फॉर्म अडला. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती तिच्या गावाहून, लोह्याहून, एसटीनं थेट स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, पाचला फॉर्म बंद होतेत. मी रोज होते."

"होतीस, तर तास संपल्यावर जात का नव्हतीस?"

ती गोंधळली. "तुमी बसलेल्या होत्या ना. मॅडम उठायच्या आधी कसं उठावं?"

"मग मी विचारलं तेव्हा हात का नाही केलास?"

"तुमी शंका हाय का म्हनल्या. मला शंका न्हवती."

शेजारची मनस्विनी, आमच्या विभागातली नवी प्राध्यापिका, हसू दाबत म्हणाली, "मॅडम, सगळ्यांची मीटिंग एकदम बंद करायचं बटण असतं हो."

मला हसू आलं नाही. मला माझी बडबड आठवली.

"माझा माइक चालू असायचा का गं?"

"हाव." ती खाली बघू लागली. "तुमी म्हनायच्या, आता माझी कुनाला गरज न्हाई, उगंच भिंतींना शिकवून राहिले. ते ऐकल्यावर तर उठावंच वाटंना. तुमी एकट्याच राहिल्या असत्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वाजून गेले होते. मी हजेरीपत्रक ओढलं, अकराच्या अकरा खाडे खोडले, प्रत्येकापुढे सही केली आणि तिला म्हटलं, "चल, ऑफिसात मीच येते."

दाराशी ती थांबली, मी आधी बाहेर पडेपर्यंत.