पाहुणा जेवून गेला

शिवगंगाला पैसे नको होते. वकिलाकडे आलेलं माणूस पैसे नको म्हणालं की मी सावध होतो, कारण ते नंतर दुप्पट मागतं. पण ही बाई खरोखरच एकच गोष्ट मागत होती. तिच्या नवऱ्याचा, महालिंगचा, आजार धुळीचा आहे, क्षयाचा नाही, एवढं विलायतेतल्या कंपनीनं कबूल करावं.

महालिंग उचगावजवळच्या एका फौंड्रीत होता. ओतून काढलेल्या लोखंडाला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायची, हे त्याचं काम, आणि तोंडाला घरचा टॉवेल. पुढे ती फौंड्री एका इंग्रज कंपनीनं घेतली. दारावर नवी पाटी आली, टॉवेल तोच राहिला. त्याला धाप लागायला लागली तेव्हा कंपनीच्या डॉक्टरनं क्षय ठरवून गोळ्या सुरू केल्या. शहरातल्या एका डॉक्टरनं छातीचा फोटो बघून ही धूळ आहे असं तोंडी सांगितलं, पण लिहून देईना. ज्याचा निम्मा दवाखाना फौंड्रीवाल्यांवर चालतो तो कशाला लिहून देईल?

धूळ एकाची दुसऱ्याला लागत नाही, क्षय लागतो. भावकीनं त्यांच्या घरात पाणी प्यायचं सोडलं. लेक सुष्मिता गडहिंग्लजकडे दिलेली. ती बाळंत झाली, पण क्षयाच्या घरात पोर न्यायचं नाही म्हणून सासूनं नातू दाखवायलासुद्धा धाडला नाही. महालिंगनं नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"जावयाच्या हातात द्यायला एक कागद पायजे, वकीलसाब," शिवगंगा म्हणायची. "गोऱ्या साहेबाच्या सहीचा. आपल्या मानसाची सही कोन मानतंय?"

मला त्या बोलण्याचा राग यायचा, पण ती खोटं बोलत नव्हती.

मी विलायतेला नोटीस धाडली. उत्तर फार सभ्य होतं. आमच्याकडे फक्त शेअर आहेत, फौंड्री ही वेगळी भारतीय कंपनी आहे, तुमच्याकडे कोर्टं आहेत, उत्तम कायदा आहे, तिकडे जा. कायदा आहे खरा. कामगारांच्या भरपाईचा, एकोणीसशे तेवीसचा, ह्यांच्याच बापजाद्यांनी केलेला. हिंदुस्थानातले जमीनजुमल्याचे खटले लंडनला नेऊन निकालात काढत होते, तेव्हा ह्यांना समुद्र आडवा आला नाही. नफा तिकडे जातानाही येत नाही. इकडचा माणूस खोकायला लागला की मात्र समुद्र रुंद होतो. मी चिडलो आणि तिकडच्या एका वर्तमानपत्राला सगळं कळवलं. तिथं चार ओळी छापून आल्या आणि कंपनीला एकदम मानवी हक्क आठवले. दोन हजार दोन साली तिनं चौकशीला एक साहेब पाठवला. तो महालिंगच्या घरी येणार, दुभाष्या फौंड्रीचा, आणि मी बसलो तरी तोंड उघडायचं नाही, अशी अट होती.

साहेब वयस्कर होता, चांगला होता. बूट दाराबाहेर काढून आत आला. महालिंग धुतलेला सदरा घालून, गळ्यातलं लिंग सारखं करून ताठ बसला होता. खोकला यायचा तेव्हा तो ओठ घट्ट मिटायचा आणि त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या. शिवगंगा माहेरची नेसरीची. तिनं पुरणाची होळगी केली होती, कटाची आमटी, वर घरचं तूप. त्या घरात कित्येक वर्षांत बाहेरचं कुणी जेवलं नव्हतं. साहेबानं मांडी घातली आणि पहिला घास तोंडात टाकला तेव्हा महालिंगचे डोळे भरून आले. मला ते बघवेना.

जेवता जेवता साहेबानं विचारलं, "तब्येत कशी आहे?" फौंड्रीचा दुभाष्या वीरेश, कडक इस्त्रीतला पोरगा, त्यानं ते मराठीत सांगितलं.

"बरं हाय की," महालिंग म्हणाला. "तुमी आलासा, लई बरं वाटलं."

"कंपनीबद्दल काही तक्रार?"

"न्हाय न्हाय. कंपनीनंच तर पोसलं आमास्नी. वाढ गं, पावण्यास्नी तूप वाढ."

मी डोळे वटारले, खाकरलो. शिवगंगानंच मला दटावलं. "वकीलसाब, जेवू द्या की पावण्यास्नी. ताटावर कुनी रडगाणं गातंय व्हय? हात धुऊंद्यात, पान खाऊंद्यात, मग बोलतोय की आमी."

आपल्याकडे हे असंच आहे. सोयरीक असो, वाटणी असो, खून असो, पाहुण्याचा हात वाळल्याशिवाय कामाचं बोलणं निघत नाही. त्याआधी विचारतात ते क्षेमकुशल, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. साहेबाच्या मुलखात मात्र विचारलं म्हणजे विचारलं. त्यानं हात धुतले, दोन्ही हात जोडून शिवगंगाला नमस्कार केला आणि दारात जाऊन बूट घातले. त्याचं काम झालं होतं. महालिंग पानाचं तबक घेऊन उठला तोवर गाडी सुरू झाली. तो गाडीमागं पळायला गेला आणि उंबऱ्यातच धाप लागून खाली बसला. वीरेशला आणि ड्रायव्हरला ते दिसलं, पण गाडी थांबली नाही.

साहेबाच्या अहवालात होतं की कामगार हसतमुख आहे, प्रकृती ठीक असल्याचं तो स्वतः सांगतो, कंपनीविषयी कृतज्ञ आहे, तक्रार वकिलाच्या डोक्यातून निघालेली दिसते. माणूस लबाड नव्हता. जे ऐकलं ते त्यानं लिहिलं, आणि म्हणूनच ते खोडून काढता येईना. आमच्या इथल्या कोर्टात अर्ज करून मी महालिंगला उभा केला. तो शब्दाशब्दाला थांबून श्वास घेत होता. आमचाच न्यायाधीश, आमच्याच मातीतला, त्याच्याकडे न बघता इंग्रजी अहवाल वाचत बसला. परदेशी तज्ज्ञाचा पक्षपात असायचं कारण दिसत नाही, असं म्हणून त्यानं अर्ज फेटाळला. इंग्रज देश सोडून जाऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली होती. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोवर उगाच ओरडलो.

मी पुन्हा लिहीत राहिलो. शेवटी दोन हजार पाच साली कंपनीनं फेरचौकशीला एक बाई पाठवली, तरुण, उन्हानं लाल झालेली. ह्या वेळी महालिंग आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. दुधानं तोंड पोळलेली शिवगंगा ताक फुंकायला बसली होती. तिनं त्या बाईला दारातच उभं केलं. बस म्हणाली नाही. चूल पेटवली नव्हती. आणि सगळं सांगितलं. रक्त पडतं ते सांगितलं, डॉक्टर लिहून देत नाही ते सांगितलं, नातवाचं सांगितलं. दुभाष्या अडखळला की ती त्याच्यावर खेकसायची, "जसं हाय तसं सांग की, मदीच खाऊ नगंस." बाईनं कपाळ पुसत पाणी मिळेल का म्हणून विचारलं. शिवगंगा म्हणाली, "आदी लिव्हून घे."

मला वाटलं, जिंकलो. मी रस्त्यात गाडी थांबवून पेढे घेतले, एवढा मूर्ख मी.

दुसऱ्या अहवालात होतं की कुटुंबाची वागणूक शत्रुत्वाची आहे, साधं पाणीही देण्यात आलं नाही, आत्ताचं सांगणं कामगाराच्या आधीच्या स्वतःच्या जबानीशी जुळत नाही, सबब ते विश्वासार्ह नाही. खाली कंपनीच्या डॉक्टरचं मत जोडलं होतं, क्षय.

तो कागद घेऊन मी उचगावला गेलो तेव्हा महालिंगला मूठमाती देऊन झाली होती. सुष्मिताला सासरच्यांनी पाठवलं नव्हतं. शिवगंगा एकटीच भिंतीला टेकून बसली होती. मी अहवालाचं सांगितलं. वरचं कोर्ट आहे, अजून दाद मागता येईल, असं काहीतरी बोलत राहिलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या दिशी ती बाई गेली," ती म्हणाली, "तवा मालकांनी आतनं ऐकलंतं सगळं. पावनं दारातनं तहानेलं घालिवलंस, म्हनालं. त्येच्यानंतर माज्या हातचं पानी घेतलं न्हाय त्यांनी. शेजारची अंबूबाई दारात तांब्या ठेवून जायाची, लांबनंच. त्येच पेत होतं, मरंपतूर."

मी उठलो तेव्हा तिनं मला थांबवलं आणि चहा घेऊन जा म्हणाली. मी नको म्हणालो नाही, पण कप न पिता हातातच धरून बसलो. तिनं ते बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुमी पन भिता व्हय, वकीलसाब?"