बाहेरून कुलूप

दादाला नुसतं कुलूप दिसून पटत नाही. तो ते हातात धरतो, खाली ओढतो, उजवीकडे पिळतो, डावीकडे पिळतो आणि मग जाहीर करतो.

"कुलूप आहे."

"असणारच ना. वन्सं बाहेरगावी गेल्यात," वहिनी म्हणाली.

मी आत होते. दारापासून दोन हातांवर, पायांत मोज्यांचे दोन जोड, अंगावर जुनी शाल आणि हातात अर्धी प्यायलेली कॉफी. दुपारचे बारा वाजत आले होते आणि मी अजून केससुद्धा विंचरले नव्हते. माझ्या रजेचा सातवा दिवस होता.

मी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काम करते. अठ्ठावीस वर्षं झाली. कानाला हेडफोन लावायचा आणि दिवसाला पाच-सहाशे माणसांना "कुठे जोडू?" असं विचारायचं. लोकांना वाटतं ऑपरेटर म्हणजे भिंत, तिच्याशी कसंही बोललेलं चालतं. बाळ झालं तरी माझ्याच कानात किंचाळतात, डॉक्टर जागेवर नसला तरी मलाच शिव्या देतात. आता मला नुसत्या आवाजावरून माणसाची लायकी कळते, आणि बहुतेकांची फारशी नसते.

त्यामुळे थंडी पडली की मला घरात गप्प बसायला आवडतं. एवढंच. लोकांच्या मते हा काहीतरी आजार आहे. "रजा घेऊन घरात? अगं, मग रजा कशाला घालवायची?" असं विचारणाऱ्या बायका माझ्याच शेजारच्या खुर्च्यांवर बसतात. थंडी पडली की याच बायका आणखी थंड गावी जातात, तिथे हॉटेलच्या खोलीत नाक पुसत बसतात आणि परत आल्यावर आठवडाभर फोटो दाखवतात. त्यांची कीव करायलाही मला कंटाळा येतो.

पहिली एकोणीस वर्षं माझी रजा माझी नव्हतीच. वहिनीची दोन बाळंतपणं, दादाचं हर्नियाचं ऑपरेशन, बाबांचं शेवटचं आजारपण, पुतण्याची परीक्षा, वहिनीच्या माहेरच्यांची घरबदली. एकटी बाई म्हणजे घरातली जास्तीची खुर्ची. कुणी आलं की ओढून पुढे करायची, गेलं की भिंतीला सरकवायची. एका थंडीत मी म्हटलं होतं, यंदा मी घरीच राहणार आहे. दादा म्हणाला, "अरे वा, घरीच आहेस ना? मग आमच्याकडे ये, रंगकाम काढलंय."

त्या वर्षी मी खोटं बोलायला शिकले. डोंगरावर एक विश्रामगृह आहे, तिथे बारा दिवस जाते, डॉक्टरांनी सांगितलंय, असं मी सगळ्यांना सांगितलं. समोर राहणाऱ्या शिवणवाल्या बाई तेवढ्या माझ्या कटात होत्या. रजेच्या आदल्या संध्याकाळी त्या माझ्या दाराला बाहेरून कुलूप घालतात आणि किल्ली त्यांच्या टाचण्यांच्या डब्यात टाकतात. बारा दिवस मी आत. असं नऊ वर्षं चाललंय. नऊ वर्षांत माझ्या एकाही नातेवाइकाने त्या विश्रामगृहाचं नाव विचारलेलं नाही. असली माणसं मिळाली की खोटं बोलायला अक्कलसुद्धा लागत नाही.

आत राहायचे काही नियम आहेत. संध्याकाळनंतर पुढच्या खोलीत दिवा नाही. खोकला आला तर उशीत. संडासात पाणी सोडायचं ते समोरचं शिवणयंत्र सुरू असताना. एवढं पाळलं की बाकी सगळं सुख. दहाला उठायचं. अकराला ऊन पलंगावर येतं आणि पाऊण तास थांबतं, तेवढा वेळ मांजरासारखं त्यात पडून राहायचं. मग कॉफी आणि टोस्ट अंथरुणातच, चुरा सांडला तरी विचारणारं कुणी नाही. खुनी कोण ते पाठ असलेली रहस्यकथा पुन्हा वाचायची. पायाशी हीटर, बाहेर खिडकीच्या काचेवर धुकं, आणि दिवसभरात एक शब्द बोलायचा नाही. चौथ्या दिवसापासून कानातली घंटी थांबते. ती थांबली की मला रडू येईल इतकं बरं वाटतं.

आणि सातव्या दिवशी दादा दारात उभा राहून कुलूप पिळत होता.

तो का आला होता, ते मला पुढच्या दोन वाक्यांत कळलं. महिन्यापूर्वी त्याची लांबच्या गावी बदली झाली होती. आईला तू ठेव, असं तो म्हणाला होता आणि मी म्हटलं होतं, रजेहून आले की बोलू. बोलायला लागू नये म्हणून दादासाहेबांनी माझी रजा गाठली होती. खाली टेम्पो उभा होता. त्यात खाट, गादी, एक ट्रंक. आणि वर, माझ्या दारात, आई.

"तोडायचं सरळ," दादा म्हणाला. "घरचंच तर आहे. ती परत येईपर्यंत आई इथे रुळेलसुद्धा. मग काय बोलणार ती?"

"समोरच्या बाईंकडे किल्ली असेल का?" वहिनीने विचारलं.

शिवणयंत्र थांबलं. "माझ्याकडे?" शिवणवाल्या बाई दारातूनच म्हणाल्या. "त्या मला सुई उसनी देत नाहीत, किल्ली देतील?"

मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला.

"चावीवाल्याला घेऊन येतो. कोपऱ्यावरच बसतो एक," दादा म्हणाला. "आणि तू खाली जा. तो टेम्पोवाला सामान रस्त्यावर उतरवून पळेल."

"आणि आई?"

"आईला काय होतंय? बसेल इथे."

दोघं उतरली. शिवणवाल्या बाईंनी एक स्टूल आणून दिलं, पाणी विचारलं आणि दार लोटून घेतलं. यंत्र पुन्हा सुरू झालं. माझ्या दाराबाहेर आता फक्त आई होती. तीन जिने चढल्याने तिला लागलेली धाप मला ऐकू येत होती. मी कॉफीचा कप जमिनीवर ठेवला, आवाज न करता.

डोक्यात नुसता संताप होता. दादाचा, वहिनीचा, आणि खरं सांगते, आईचाही. आई वाईट नाही. पण आई आली की सकाळी सहाला उठणं आलं, औषधांच्या वेळा आल्या, "एवढा वेळ लोळतेस कशी?" आलं, रविवारी दादाची वरात आली. बारा दिवसांचं सोडाच, मला पुन्हा बारा मिनिटंही मिळणार नव्हती. ते कुलूप तुटलं की संपलं सगळं.

"हीटर लावलायस वाटतं," आई म्हणाली.

मी हलले नाही.

"दाराखालून ऊब येतेय." तिचा आवाज खालचा होता, स्वतःशी बोलल्यासारखा. "बंद कर. तो आला आणि त्याच्या पायाला लागली म्हणजे कळेल त्याला. मठ्ठ आहे, पण इतकाही नाही."

मी हीटरकडे गेले. बटणावर बोट ठेवलं.

"थांब," आई म्हणाली. "पाच मिनिटांनी कर. माझे पाय गारठलेत."

मी बटण सोडलं. हीटर उचलला, वायर पुरेल तेवढा पुढे आणला आणि दाराच्या फटीला लावून ठेवला. बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"हां," आई म्हणाली.

मी जमिनीवर बसले होते, ती स्टुलावर, मध्ये एक दार आणि एक हीटर. दार मला उघडता येत नव्हतं हे खरं आहे. पण तोंड उघडता येत होतं. "आई, रजा संपली की मी तुला घेऊन येते," एवढं म्हणायला दार कशाला लागतं? अठ्ठावीस वर्षं मी इकडची माणसं तिकडे जोडून देते आहे, आणि मला ते एक वाक्य सुचलं नाही असं नाही. सुचलं. मी ते गिळलं.

"नऊ वर्षं डोंगरावर जातेस," थोड्या वेळाने आई म्हणाली, "आणि येताना कुणासाठी एक गोळी-बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. तू चिकट नाहीस. मग मला कळलं." ती जराशी हसली असावी. "दादाच्या घरी टीव्ही सकाळी लागतो तो झोपेपर्यंत. वर ही दोघं त्याच्यापेक्षा मोठ्याने बोलतात. तुझं बरं आहे."

खालून दादाचा आवाज आला. चावीवाल्याला तो जिना चढता चढता कुलुपांबद्दल शिकवत होता.

"कर आता बंद," आई म्हणाली.

मी बंद केला.

चावीवाल्याने कुलूप हातात घेतल्याचं मला ऐकू आलं. "साधं आहे. दोन मिनिटांत निघेल."

"हात लावू नकोस त्याला," आई म्हणाली.

"काय झालं?" दादा.

"मला नाही राहायचं इथे."

"अगं पण सगळं सामान आणलंय! खाट उतरवलीये खाली!"

"मग परत चढव. तीन जिने आहेत इथे. आत्ताच माझा जीव वर गेलाय. इथे ठेवलंस तर मला खाली न्यायला एकदम चार माणसं आणावी लागतील."

"हे तुला आधी नाही का सांगता आलं?"

"आधी तू मला विचारलं नव्हतंस."

वहिनी तोवर वर आली होती. "अहो, पण आपल्याबरोबर न्यायचं म्हणजे... तिथलं घर केवढंसं, आणि थंडी केवढी! आई, तुम्हाला सोसेल का ती?"

"सोसेन," आई म्हणाली. "चला."

दादाने एकदा दारावर लाथ मारली, चावीवाल्यावर उगाच डाफरला, बहिणीला ऐनवेळी कशी सुट्टी सुचते यावर चार शब्द बोलला, आणि निघाला. आई सगळ्यात शेवटी उतरली. एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. मग पुढची. प्रत्येक वळणावर ती थांबत होती. पहिल्या वळणावर वहिनी म्हणाली, "आई, जरा लवकर. टेम्पोवाला खोळंबलाय." मी दाराला कान लावून शेवटच्या पायरीपर्यंत ऐकलं. लोकांचं बोलणं चोरून ऐकणारी ऑपरेटर कशी असते, हे मी इतरांना नेहमी नाक मुरडून सांगत आले आहे.

मग टेम्पो गेला. शिवणवाल्या बाईंनी दारावर टकटक केली आणि हळूच विचारलं, "काढू का कुलूप?"

"नको," मी म्हटलं. सात दिवसांतला तो माझा पहिला शब्द.

रजेचे पाच दिवस उरले होते. ते मी काढले. पहिला दिवस वाईट गेला. दुसऱ्या दिवशी ऊन अकराला पलंगावर आलं, मी त्यात पडले, आणि मला छान वाटलं. हे सांगताना मला स्वतःची शिसारी येते, पण वाटलं. दादाला मी आयुष्यभर आपमतलबी म्हणत आले. तो निदान दारात येऊन, कुलूप पिळून, आरडाओरडा करून मतलब साधायला बघतो. मी तो आत बसून, मोजे घालून साधला.

तेराव्या दिवशी दादा बदलीच्या गावी निघाला, तेव्हा मी त्यांना निरोप द्यायला त्याच्या घरी गेले. सामान पुढे गेलं होतं आणि भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आई बसली होती, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन.

"ये, आलीस का हवा खाऊन?" दादा म्हणाला. "तू असतीस तर ही वेळ आली नसती."

"तुमचं बरं असतं बाई, वन्सं," वहिनी म्हणाली. "मनात आलं की निघालात."

मी गाडीच्या खिडकीशी गेले. आईने काच खाली केली.

"कशी होती तिथली हवा?" तिने विचारलं. चेहरा सरळ, एक रेघ हलली नाही.

"छान होती."

"ऊन येतं का खोलीत?"

"येतं. अकराला. पाऊण तास असतं."

"पुरे की तेवढं." तिने पांघरूण जरा वर ओढलं. "आणि कुणाशी बोलावं लागत नाही म्हणे."

"नाही लागत."

दादा डिकी आपटून लावत होता. वहिनी पाण्याची बाटली शोधत होती. आई त्या दोघांकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "पुढच्या थंडीत चार दिवस मला ने तिथे. मी काही बोलणार नाही."

मला "नेईन" म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता. पण तेवढ्यात मला माझा पलंग दिसला, ते ऊन दिसलं, त्या उन्हात दुसरं कुणीतरी बसलेलं दिसलं.

"तिथे तीन जिने आहेत, आई," मी म्हटलं.

"विश्रामगृहाला तीन जिने?" दादा मागून हसला. "काय एकेक माणसं असतात! म्हाताऱ्याकोताऱ्यांनी करायचं काय?"

आईने मान हलवली. रागावली नाही. हिशोब पटल्यावर माणूस हलवतो तशी तिने ती हलवली.

"हो," ती म्हणाली. "मग अवघडच."

दादा पुढे बसला, वहिनीने तिच्या बाजूचं दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली. आईच्या खिडकीची काच उघडीच होती आणि वारा बोचरा होता. मी ती लावायला हात पुढे केला. पण आईने पांघरुणातून हात बाहेर काढला, दांडा धरला आणि हळूहळू फिरवत स्वतःच काच वर केली.