कुलिपाचा शोक

आजी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. रीतीप्रमाणे पुरुष तंबूबाहेर काठीला टेकून मोठ्याने रडत होते आणि आत माझी आई, कुलिपा, भिंतीकडे तोंड करून शोक गात होती. तो कुणी पाठ करून येत नाही. बाई बसल्याबसल्या रचत जाते. चूल विझली, आता धुराने कुणाचं घर विचारावं, असं काहीसं आई गायली आणि बाहेरचं रडणं थांबलं.

बाहेर आसानगुलमामाही होता, आईचा धाकटा भाऊ. फ्रुंझे शहरात एका मासिकात नोकरी करायचा. कविता लिहायचा, पण त्याला कवी म्हणून कुणी ओळखत नव्हतं.

पुढच्या वसंतात त्या मासिकात त्याची 'विझलेली चूल' छापून आली. शेजारच्या तुर्सुनायने अंक आणून मोठ्याने वाचला. आई लोकर लाटून अंथरायचा नमदा करत होती.

"कुलिपा, भावाला घसा उसना दिलास की काय?"

"छापलंय ना नीट? मग झालं," आई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

त्या एका कवितेने मामा मोठा झाला. ती शाळेच्या पुस्तकात गेली. मला शिक्षिका करायला शहरात त्यानेच नेलं. मी त्याच्या घरी राहिले, त्याचं अन्न खाल्लं आणि गप्प बसले.

माझं शेवटचं वर्ष चालू असताना वडील नदी ओलांडताना घोड्यासकट वाहून गेले. दोन दिवसांनी खालच्या वळणावर देह सापडला. आई भिंतीकडे तोंड करून बसली. तिचा शोक नेहमी चुलीपासूनच सुरू व्हायचा. दोनच ओळी झाल्या असतील, मागून शेजारची कुणीतरी तरुण सून कुजबुजली, "हे तर पुस्तकातलं आहे." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आई थांबली. पुन्हा तोंड उघडलं, शब्द आला नाही. वडील शोकाविना मातीत गेले.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मामा आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, "आक्का, मला शिव्या तरी दे."

"शिव्या देऊन काय होणार रे? तू नेलंस तेव्हा मला काहीच वाटलं नाही. म्हटलं, माझ्याकडे आणखी पुष्कळ आहे. पण नवऱ्यासाठी बसले, तर माझेच शब्द मला उष्टे लागले."

"मी खरं काय ते लिहितो. सगळ्यांना सांगतो."

"लिही. फार वेळ लावू नकोस."

लिहिणार होता तो. पण आधी नवं पुस्तक निघायचं होतं, मग पुरस्कार जाहीर झाला, मग मामी आजारी पडली. आठ वर्षं गेली. आईही गेली.

मामाच्या साठीला शहरात मोठा समारंभ झाला. तिथे तो उभा राहून म्हणाला, "ती कविता माझी नाही. माझ्या बहिणीची आहे."

अध्यक्ष हसले. "बघा, एवढा मोठा कवी, आणि केवढी नम्रता." टाळ्या सुरू झाल्या.

"नम्रता नव्हे, खरं सांगतोय. तिची मुलगी इथेच आहे. विचारा तिला."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मी उठले. पहिल्या रांगेतून मामी आणि तिची मुलं माझ्याकडे बघत होती. ज्या घराने मला वाढवलं, त्याला चारचौघांत चोर कसं म्हणायचं?

"मामाचा आईवर फार जीव होता," एवढंच बोलून मी खाली बसले. टाळ्या आणखी वाढल्या.

बाहेर पडताना मामा माझ्याजवळ आला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुझा दोष नाही. खायला घालून घालून मीच तुला गप्प केलं."

त्यानंतर तो तीन वर्षं जगला. कविता एकही लिहिली नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत दरवर्षी सहावीच्या मुलांना ती शिकवली, आणि फळ्यावर कवीचं नाव लिहिलं ते मामाचंच.