तीन चुकीची उत्तरं

मी गणिताचा मास्तर. संशय घेणं हे माझं कामच आहे, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. पोरगं म्हणालं उत्तर बारा, की मी विचारणार, "कशावरून?" त्यात स्वभाव तापट. सायकलची चेन उतरली तर सायकलशी भांडणारा माणूस मी. आमच्या डिंगोरे गावचे भाऊबंद म्हणायचे, "भिमाजी, तू भाकरीला पण इचारशील, तू खरंच बाजरीची हाईस का." म्हणू देत. मला त्याचा अभिमानच होता.

हे सांगतोय ते दोन हजार एक सालचं. येडगावला धरणाच्या अलीकडे आमची शाळा होती. आठवी ते बारावी मिळून नव्वद पोरं, सात शिक्षक, पत्र्याचे सहा वर्ग. मागे कुठला पुढारी नव्हता. आमच्या मुख्याध्यापक अंजनाबाई यांनी चांगली सरकारी नोकरी सोडून ती काढलेली. खेड्यातलं पोर पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलं तर तिथं टिकलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. पहाटे साडेपाचला अभ्यास, दुपारी शिक्षक आणि पोरं एका पंगतीला, संध्याकाळी शंकांचा तास. आणि परीक्षेला पहारा नाही. पेपर वाटायचा आणि शिक्षकानं बाहेर चिंचेखाली जाऊन बसायचं. पोरांनी शेवटी 'हे माझं आहे' असं लिहून खाली सही करायची. पाव्हणे आले की बाई हे मोठ्या कौतुकानं सांगायच्या. मला ते बापजन्मात पटलं नाही.

पुण्यातलं एक वसतिगृह दरवर्षी आमचं एक पोर घ्यायचं. एकच. राहणं, खाणं, कॉलेजची चारही वर्षं त्यांच्याकडे. बारावीच्या पूर्वपरीक्षेत गणितात जे पहिलं येईल, त्याचं नाव शाळेनं कळवायचं. त्या वर्षी बारावीत माझी पोरगी श्रेया होती. आठवीपासून गणितात पहिली. ते नाव तिचंच, असं मी धरून चाललो होतो. तिच्या आईनं तर ट्रंक रंगवून घेतली होती.

आणि दिवाळीनंतर मोहिनी असवले वर आली.

मोहिनी ही आमच्या शिपायाची, गेणूची पोरगी. त्यांचं गाव भीमाशंकरच्या अंगाला, डोंगरात. भात आणि नाचणी पिकवणारी माणसं. गेणू आणि मोहिनी, दोघं बापलेक शाळेतच मागच्या खोलीत राहायचे. तो घंटा द्यायचा, वर्ग झाडायचा आणि सायक्लोस्टाईलच्या मशिनचा दांडा फिरवून आमचे पेपर छापायचा. मोहिनीला अकरावीत गणितात एकसष्ट मार्क. दिवाळीनंतरच्या चाचणीत चौऱ्याण्णव. श्रेयाला एक्याण्णव.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पेपर छापतो कोण, गेणू. वर आली कोण, गेणूची पोरगी. याला काय गणिताचा मास्तर लागतो? आज उघड सांगतो, ती डोंगरातली नसती, शिपायाची नसती, तर मी तिची पाठ थोपटली असती. तेव्हा हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

मी तिच्यावर नजर ठेवली. पंगत उठली की ती मशिनच्या खोलीत जायची आणि बाहेर यायची तेव्हा दप्तर फुगलेलं असायचं. तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी भर अंगणात आडवा गेलो.

"काय नेतेस गं?"

"कागद, सर."

"कसले?"

ती सांगायच्या आत मी दप्तर ओढून उपडं केलं. छापलेल्या कागदांचा हा ढीग पडला. मी झडप घातली. बघतो तर जेवणघराचं वेळापत्रक, सहलीची सूचना, पालकसभेचं पत्र, सगळी शाई फुटलेली, वाया गेलेली पानं. मागची कोरी बाजू मात्र बारीक अक्षरात गणितांनी भरलेली.

गेणू पळत आला. "सर, खराब झाल्याली पानं हायेत ती. मीच देतो तिला. वही लई लवकर संपती तिची."

"पेपर कोण छापतं गेणू?"

"मीच छापतो की."

"मग मला शिकवू नकोस. चोर तर चोर आणि वर तोंड करून बोलतोस."

मोहिनीनं खाली बसून एकेक पान गोळा केलं. अख्खी शाळा बघत होती, पण वाकलं कुणी नाही. श्रेया व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती, तीही आली नाही. मला वाटलं, बापाच्या तापटपणाची पोरीला लाज वाटली असेल.

तिथून तडक बाईंच्या खोलीत गेलो. "बाई, इथं पाणी मुरतंय."

बाईंनी चष्मा काढला. "सर, ती पोर रोज संध्याकाळी शंकांच्या तासाला शेवटपर्यंत माझ्याजवळ बसते. मी शिकवलंय तिला. उगाच मागं लागू नका."

"मग मला सिद्ध करू द्या."

माझा बेत साधा होता. पूर्वपरीक्षेच्या पेपरची उत्तरं आम्ही शिक्षक आधीच एका कागदावर सोडवून ठेवायचो, तपासायला सोपं जावं म्हणून. या वेळी त्या कागदात तीन उत्तरं मी मुद्दाम चुकीची लिहिणार होतो. पायऱ्या अशा बेमालूम घालणार की वाटावं, हेच बरोबर. खरी उत्तरं कागदावर उतरवायचीच नाहीत, माझ्या डोक्यात राहतील. तो कागद शिक्षकांच्या खोलीतल्या उघड्या कपाटात ठेवायचा, जिथं गेणू रोज झाडायला येतो. ज्याच्या पेपरात माझी तीन चुकीची उत्तरं निघतील, तो चोर. त्या तीन उत्तरांची यादी मी पाकिटात घालून बाईंच्या हातात दिली.

"आणि जो सापडेल," मी म्हणालो, "त्याचं नाव प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर वाचायचं. पुण्याच्या यादीतून कायमचं बाद."

"कुणीही असलं तरी?"

"कुणीही असलं तरी."

"वाचणार कोण?"

"मी वाचीन," मी म्हणालो. गेणूचं तोंड त्या वेळी कसं होईल, हे मी मनात आधीच बघून घेतलं होतं.

रविवारी घरी बसून तो कागद तयार केला. चौथ्या, सातव्या आणि नवव्या गणितात गोम ठेवली. सोमवारी कपाटात ठेवला आणि वर खडूचा तुकडा ठेवला, कुणी हात लावला तर कळावं म्हणून. गुरुवारी परीक्षा झाली. चिंचेखाली बसून मी खिडकीतून मोहिनीवरची नजर तीन तास हलवली नाही. माझ्या पाठीत कळ आली, पण मी जागचा उठलो नाही.

आमच्याकडे आपल्या पोराचा पेपर आपण तपासत नाही. श्रेयाचा पेपर बाईंकडे गेला, बाकीचे माझ्याकडे. मी पहिला मोहिनीचाच काढला. चौथं गणित बरोबर. सातवं बरोबर, आणि तेही मी शिकवलेल्या रीतीनं नाही, तिच्या स्वतःच्या, जरा लांबच्या रीतीनं. नववं बरोबर. शंभरातले सत्त्याण्णव. मला आनंद झाला नाही, रागच आला. कपाटाशी गेलो. कागद जागेवर होता. खडूचा तुकडा तसाच होता, उलट त्याच्यावर धूळ बसली होती. तरी मी काय विचार केला असेल? की गेणू लई हुशार आहे, त्याला सापळ्याचा वास आला.

तेवढ्यात बाई आल्या. हातात एक पेपर आणि माझं फोडलेलं पाकीट.

"बसा, सर."

"निघालं ना कुणीतरी?"

त्यांनी पेपर माझ्यापुढं ठेवला. अक्षर मला ओळखू यायला वेळ लागला नाही. ते अक्षर मीच पाटीवर गिरवून घेतलं होतं. चौथं गणित चूक, माझीच चूक. सातवं चूक, माझीच. नववं चूक, माझीच.

"नीट बघा," बाई म्हणाल्या. "खोडलेलं बघा."

मी पेपर उजेडाला धरला. तिन्ही गणितं श्रेयानं आधी सोडवली होती. स्वतःची स्वतः, आणि तिन्ही बरोबर. मग त्यांच्यावर रेघ मारून खाली माझं खोटं उत्तर पायऱ्यांसकट उतरवलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'हे माझं आहे', आणि सही.

बाईंनी पाकीट पेपरवर ठेवलं. मग म्हणाल्या, "हे आपल्या दोघांतच आहे अजून. काय करायचं ते तुम्ही सांगा."

खरं सांगतो, एक क्षण मनात आलं की म्हणावं, बाई, ते पाकीट फाडून टाका. मोहिनी पहिली आलीच आहे, तिचं नाव जाऊ दे पुण्याला, आमचं झाकून राहू दे. शब्द ओठापर्यंत आले होते. मग अंगणात बसून पानं गोळा करणारी ती पोर आठवली आणि माझी मलाच शिसारी आली.

संध्याकाळी घरी गेलो. श्रेया ओट्यावर शेंगा फोडत होती. मी पेपर तिच्यासमोर धरला. तिनं एकदा बघितलं आणि शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"कुठून?" मी विचारलं.

"तुमच्या पिशवीतून. खुंटीला असते ती रविवारी."

"कधीपासून?"

"आठवीपासून."

मी शाळेतली कपाटं, खिडक्या, दुसऱ्यांची दप्तरं राखत बसलो होतो आणि माझी पिशवी रोज माझ्याच दारामागं उघडी लटकत होती. हात उगारला होता, पण तो तसाच खाली आला.

"अगं पण तुला येत होतं. तू बरोबर काढलं होतंस की."

"तुमचं वेगळं होतं, आण्णा. मला वाटलं, माझंच चुकलं असणार. तुम्ही कधी चुकता का?" मग ती रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "तुम्ही मोहिनीचं दप्तर उपडं केलंत ना, तेव्हा आधी भीती वाटली. मग बरं वाटलं. म्हटलं, आता माझ्याकडं कुणी बघणार नाही."

सकाळी प्रार्थना झाली. माझ्या हातात कागद होता, त्याच्यावर दोन नावं. एक बाद झालेलं आणि एक पुण्याला कळवायचं. बाई हळूच म्हणाल्या, "मी वाचते, सर." मी नको म्हणालो.

शाळेत नाव वाचायचं ते पूर्ण वाचायचं. "श्रेया," मी म्हणालो आणि अडकलो, कारण पुढचं नाव माझं होतं. नव्वद पोरं वाट बघत होती. श्रेया ओळीत मान खाली घालून उभी होती.

"श्रेया भिमाजी आमले," मी वाचलं. "हिनं परीक्षेची उत्तरं माझ्या पिशवीतून चोरली. मी मोहिनीला आणि गेणूला तुमच्या सगळ्यांसमोर चोर म्हणालो. ते खोटं होतं. मी त्यांची माफी मागतो."

मी शेजारचा खांब धरला. घंटेजवळ उभा असलेला गेणू व्हरांड्यातली खुर्ची घेऊन आला आणि माझ्यामागं ठेवली. "बसा, सर," तो म्हणाला. मी त्याच्या आवाजात टोमणा शोधला, त्या वेळीसुद्धा शोधला. सापडला नाही. अकरा वर्षांत मी त्याला एकदाही बस म्हणालो नव्हतो.

"तू बस, गेणू," मी म्हणालो. "आता तुमचं नाव वाचायचंय."

तो बसला नाही. "न्हाई सर, आमी हुबं राहूनच ऐकतो," म्हणाला. मग खुर्ची मधे तशीच मोकळी राहिली आणि आम्ही दोघं बाप तिच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मी कागद डोळ्यांजवळ धरून मोहिनी गेणू असवले हे नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.