मंगळवारचा डबा

"माजो मंगळवार खंय ठेवलंस?"

आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी, कमरेवर हात. मी चहात पाव बुडवत होतो. चेहरा असा ठेवला होता की साक्षात गणपतीलाही वाटावं, या माणसाने मोदक चोरणं शक्यच नाही.

"मंगळवार? कॅलेंडरात असेल की, आक्का."

"मस्करी नको, दत्ता. माझा मंगळवारचा डबा कुठे आहे?"

आमची आक्का रागावली की मालवणीत बोलते, आणि खूप रागावली की एकदम स्वच्छ मराठीत येते. दुसरं जास्त वाईट. मी पाव तसाच गिळला.

डबे एकूण पाच होते. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून वार लिहिलेला, सोमवार ते शुक्रवार. प्रत्येकात मॅटीचं कापड, रंगीत दोऱ्याच्या लडी, चौकटींचा कागद आणि एक सुई. म्हणजे क्रॉस स्टिच. फुलीशेजारी फुली, फुलीशेजारी फुली, अशा हजारो फुल्या घातल्या की मोर तयार होतो. सोमवारी मोर. मंगळवारी शिडाचं गलबत. बुधवारी तुळशीवृंदावन, गुरुवारी गुलाबाची परडी, शुक्रवारी दोन ससे. शनिवारी नवीन टाका घालायचा नाही, आठवड्यात जे चुकलं असेल ते शोधून उसवायचं. रविवारी सुट्टी, टीव्हीवर सिनेमा.

पाच डबे पाच भाच्यांचे. माझी अनुपमा सगळ्यात मोठी, तिचा मोर. बोरिवलीच्या भावाच्या, सहदेवदादाच्या तीन पोरी, शुभा, जिचं गलबत, आणि तिच्या दोघी धाकट्या बहिणी. मानखुर्दच्या चंद्रप्रकाशची सहा वर्षांची टिल्ली, तिचे ससे. पाचही जणींच्या लग्नात रुखवतावर आत्याच्या हातचं काहीतरी असायलाच हवं, असं आक्काने ठरवलं होतं. आई गेली तेव्हा आक्का सोळा वर्षांची होती. आम्हा तिघा भावांना तिने वाढवलं, आमची लग्नं केली, आणि स्वतः मुलुंडला एका औषधांच्या कंपनीत सत्तावीस वर्षं गोळ्यांची पाकिटं भरत राहिली.

मग एक दिवस हातून दोन पाकिटं रिकामी गेली. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनेच सुपरवायझरकडे जाऊन सांगितलं, "मला काढा. मला दिसत नाही नीट."

घाटकोपरच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो होतो. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून आहे ती जपायची. आक्काने विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, दीड वर्ष, दोन वर्षं. घरी येऊन तिने वाण्याकडून पाच रिकामे डबे मागून आणले.

आता समोरच्या मृणालिनीबाई. सोसायटीत बायकांना भरतकाम शिकवायच्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत फ्रेमा इतक्या की एक खिळा मारायला जागा नाही. 'स्वागतम'च्या फ्रेमखाली एकदा मी 'आज दूध नाही' अशी पाटी लावली होती, तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नसत. पण आक्काला बजावून सांगायच्या, "रत्नाताई, एक धरावं, पूर्ण करावं, फ्रेम करावं, मगच दुसऱ्याला हात लावावा. पाच अर्धवट कामांचं काय रुखवत मांडणार?"

"आणि एकेक करत गेले, नि तिसऱ्यावर डोळे गेले, तर?" आक्का म्हणायची. "उरलेल्या दोघींनी काय कोरी मॅटी घेऊन जायची सासरी?"

"पण एक तरी पूर्ण होईल ना!"

"होईल हो. कुणाचं, ते तुम्ही सांगा. त्या दोघींनाही तुम्हीच सांगा."

यावर मृणालिनीबाई माघार घ्यायच्या. मी नाही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मला बाईंचं पटलं. अरे, साधा हिशेब आहे, कारखान्यात आम्ही एक जॉब मशीनवरून उतरवल्याशिवाय दुसरा चढवत नाही. तर रविवारी आक्का सिनेमा बघत असताना मी चार डबे उचलले आणि माळ्यावर गणपतीच्या मखराच्या मागे सारून दिले. सोमवारचा तेवढा ठेवला. म्हटलं, दुसरं काही हाताशीच नसलं की मुकाट्याने मोर संपवेल, आणि मग स्वतःच म्हणेल, दत्ता, बरं केलंस रे.

मी असले उद्योग जन्मभर केलेत. कंपनीत नव्या माणसाला भोकांचा डबा आणायला स्टोअरला पाठवायचो. पोरं अर्धा अर्धा तास शोधायची. शेवटी हसायची. माणूस शेवटी हसतो, हा माझा अनुभव.

"सोमवारचाच घे ना आक्का," मी म्हटलं. "मोराची मान राहिलीय अजून."

तिने माझ्याकडे बघितलं. कडेचं दिसत नसल्यामुळे ती माणसाकडे पूर्ण मान वळवून बघायची, एखाद्या न्यायाधीशासारखी.

"अस्सं," म्हणाली. आणि गेली.

शोधाशोध केली नाही. आरडाओरडा नाही. खिडकीशी तिच्या रोजच्या पाटावर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून. संध्याकाळी मी कामावरून आलो तर बायको दारातच.

"अहो, काय करून ठेवलंत? दिवसभर तशाच बसल्यात. मी भाजी निवडायला दिली, तर म्हणाल्या, सुगंधा, आज मंगळवार आहे, मला मंगळवारचं काम आहे."

"बसू दे गं. उद्या घेईल मोर."

बुधवारीही नाही घेतला. सोमवारचा डबा समोर होता, हातभर अंतरावर. गुरुवारी म्हटलं आपण वातावरण हलकं करू. नाक्यावरून खरी बिस्किटं आणली, डब्यात भरली, वर चिकटपट्टी लावून लिहिलं 'गुरुवार', आणि तिच्या पुढ्यात ठेवला. आक्काने डबा उघडला. एक बिस्कीट घेतलं, सावकाश खाल्लं, झाकण लावलं आणि पुन्हा हात मांडीवर.

शुक्रवारी संध्याकाळी मला राहवलं नाही. मी तिच्याजवळ फरशीवर बसलो.

"किती दिवस असं चालवणार आहेस, आक्का?"

"तू चोरलेस तेवढे दिवस."

"चोरले काय! तुझ्या भल्यासाठी..."

"सोमवारचा नाही लपवलास," ती म्हणाली. "तुझ्या पोरीचा तेवढा ठेवलास."

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. अनुपमा मोठी, तिचं लग्न आधी, एवढाच विचार होता. पण तिने म्हटल्यावर मला कळलं की दुसऱ्या कोणाचा ठेवायचं मला सुचलंही नव्हतं.

"एक पूर्ण केलं होतं मी," ती म्हणाली. "माहीत आहे तुला? ट्रंकेत तळाला आहे. एकच धरून बसले होते, सहा महिने. सरस्वती. माझ्याच रुखवतासाठी. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा, आठवायचं नाही तुला."

मला आठवत नव्हतं. आक्काचं लग्न ठरलं होतं हेही माहीत नव्हतं.

"मग?"

"मग काय. तुम्हा तिघांना घेऊन कोण नेणार होतं मला?" तिने हात उघडले, मिटले. "त्याचं नाही काही. पण या आठवड्याचे चार दिवस गेले, दत्ता. माझ्याकडे मोजकेच उरलेत. त्यातले तू चार घालवलेस."

कोणी हसलं नाही. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढलो.

त्यानंतर मी सुधारलो असं नाही. मृणालिनीबाईंच्या पाटीचं पुढेही काही ना काही चालूच होतं. पण आक्काच्या कामात लुडबुड करायची ती कामाचीच करायची, एवढं ठरवलं. हिरवा आणि निळा तिला एकसारखे दिसायला लागले, तेव्हा कारखान्यात पितळी पट्ट्या कापल्या आणि कानसीने खाचा पाडल्या. एक खाच लाल, दोन हिरवा, तीन निळा. प्रत्येक लडीला एक पट्टी बांधली. ती बोटाने खाच मोजायची आणि दोरा उचलायची. सकाळी कामावर जायच्या आधी मी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायचो. कारखान्यातली पोरं विचारायची, "दत्तारामभाऊ, बोटाला काय झालं?" मी म्हणायचो, "वाघ चावला."

मग एकदा अंगात आलं. ती रविवारी सिनेमाला बसली, तर मी शुक्रवारचा डबा घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि सशाचा अख्खा कान भरून टाकला. झकास दिसत होता. म्हटलं, आता हिला कळतंय थोडंच!

पुढच्या शुक्रवारी तिने कापड मांडीवर घेतलं, तर्जनी फिरवत फिरवत कानापर्यंत आली आणि थांबली.

"हा कोणाचा उद्योग?"

"कसला?"

"मेल्या, डावखुरा तू एकटाच आहेस घरात. फुलीचा वरचा टाका सगळ्यांचा एका अंगाला पडायला हवा. तुझा उलट पडलाय. उजेडात बघ, कान वेगळ्याच सशाचा वाटेल."

मी खिडकीत नेऊन बघितलं. खरंच, सगळा ससा एकीकडे चमकत होता आणि कान दुसरीकडे.

"राहू दे ना आक्का. कोण बघतंय!"

"उद्या शनिवार आहे," ती म्हणाली. "उसव."

दोन तास लागले. लहान कात्रीने एकेक फुली कापायची, धागे चिमटीने ओढायचे, खालचं कापड ओरबाडलं जाता कामा नये. आक्का शेजारी बसून होती. मध्येच म्हणाली, "घालायला मजा आली होती ना?" आणि हसली. माणूस शेवटी हसतो, ते असं.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात तिने सुई ठेवली. आता उजेड आहे की काळोख, एवढंच कळत होतं. पाचही डबे तिने ओळीने मांडायला लावले. मोर, गलबत, वृंदावन, परडी, ससे, सगळे भरलेले होते. फक्त खालचा उजवा कोपरा पाचही कापडांवर कोरा. तिने तळहात ठेवून दाखवला. पाचही कोपरे तळहाताएवढे, एकही बोटभर कमी नाही की जास्त नाही.

मृणालिनीबाई आल्या होत्या बघायला. पाचही कापडं त्यांनी उलटी करून बघितली, मागचे दोरे सुलट बाजूइतकेच नीट आहेत का ते तपासलं. मग गेल्या. 'एक धरावं' वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

अनुपमाचं लग्न फेब्रुवारीत ठरलं. आक्काने सोमवारचा डबा माझ्या हातात दिला.

"हा कोपरा तू भर. उजव्या हाताने."

"सुगंधाला सांग ना. मृणालिनीबाई करतील एका दिवसात."

"मी त्यांना सांगितलं का?"

पंधरा दिवस मी उजव्या हाताने सुई धरली. तुम्ही उजव्या हाताने जेवत असाल तर एकदा डाव्याने जेवून बघा, म्हणजे कळेल. पहिल्या दिवशी चार फुल्या झाल्या. पुढे सवय झाली. पण लग्नघर म्हटल्यावर काय, हॉलवाला, भटजी, बोरिवलीची माणसं, मानखुर्दची माणसं. लग्नाच्या दिवशी सकाळी शेवटच्या दोन ओळी राहिल्याच होत्या. त्या मी हॉलच्या सामानाच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यावर बसून घातल्या. बाहेरून सुगंधा ओरडत होती, "अहो, वरपक्ष आला, वरपक्ष आला!" शेवटची गाठ मारली आणि तसाच धावलो.

रुखवत मांडलं. मधोमध मोर, पुठ्ठ्यावर ताणून लावलेला. काच लावू दिली नव्हती आक्काने, हाताला लागलं पाहिजे म्हणाली होती. दोन्हीकडच्या बायका ओळीने बघत चालल्या होत्या. मी आक्काला धरून आणलं. नवीन इरकली नेसली होती, अनुपमाने घेतलेली.

तिने हात पुढे केला. आधी पिसारा. मग मान, जी राहिली होती म्हणून मी चार दिवस चोरले होते. मग पाय, जमीन, आणि तिथून कोपऱ्याकडे. माझ्या ओळींवरून बोट सरळ चाललं होतं. एक ओळ, दोन ओळी. शेवटाला येऊन थांबलं.

मी वाकून बघितलं. वरच्या दिव्याच्या उजेडात खालच्या दोन ओळी उलट चमकत होत्या. घाईत हाताने कधी बाजू बदलली, मलाच कळलं नव्हतं.

तिने बोट मागे नेलं, पुन्हा त्या दोन ओळींवरून फिरवलं. मी खिशात हात घातला. लहान कात्री पंधरा दिवस खिशातच होती.

"आक्का," मी हळूच म्हटलं, "आज शनिवार आहे."

तिने बोट कडेपर्यंत नेलं, जिथे कापड संपतं तिथपर्यंत.

"मंगळवारच्या कोपऱ्याला घाई करू नको," म्हणाली. "शुभाचं यंदा नाही ठरत. वेळ आहे."

"बरं."

"आणि सरक आता पुढे. मागे बायका खोळंबल्यात."

तिने चाचपून माझा हात धरला. डावा.