ऑक्टोबरात पाण्यातच राहिलेला धक्का

मित्रांनो, मी एक जुना लाकडी धक्का आहे, आणि सध्या माझं कोणाशीच बरं नाही. जुगारघर बांधणाऱ्या कंपनीवर माझा राग आहे, शेजारच्या ऑरिनवर आहे, आणि जिने मला इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलं त्या आर्डिथवरही आहे. आपली कहाणी सांगणाऱ्याने गोड बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यात, हॅकेट तळ्याच्या काठावर आर्डिथच्या नवऱ्याने, वेंडेलने, मला बांधलं. माझे तीन लांब तुकडे. खांबांवर बसवून एकमेकांना जोडले की घरापासून खोल पाण्यापर्यंत वाट तयार. उन्हाळ्यात माझ्यावर मुलं पळाली, मासे साफ झाले, दोन साखरपुडे ठरले. त्यातला एक मोडला, पण तो दोष माझा नाही.

आमचं तळं हिवाळ्यात गोठतं, आणि बर्फ धक्क्याची हाडं मोडतो. म्हणून ऑक्टोबरात आम्हाला बाहेर काढतात आणि मे महिन्यात पुन्हा घालतात. एकेक तुकडा उचलायला दोन माणसं लागतात. एका टोकाला वेंडेल, दुसऱ्या टोकाला ऑरिन. मग दोघांनी जाऊन ऑरिनचा धक्का काढायचा. या कामाला आमच्या काठावर कोणी कोणाला बोलवत नाही. बोलावणं म्हणजे लाचारी. शेजारी आपणहून छातीपर्यंतची रबरी विजार चढवतो आणि येतो. काम झालं की आर्डिथ भाजलेल्या घेवड्याचं भांडं पुढे ठेवी. ऑरिन सगळं चाटूनपुसून खाई आणि म्हणे, "वाईट नव्हतं." आमच्याकडे याच्यापुढे स्तुती जात नाही.

वेंडेल गेला, तेव्हा त्याची रबरी विजार आर्डिथने चढवली. एकाहत्तर वर्षांची बाई, पण टोक सोडलं नाही. संध्याकाळी माझ्यावर बसून पाण्यात पाय सोडी आणि म्हणे, "मला इथूनच न्या, बाकी कुठूनही नाही." तिला एवढंच हवं होतं.

मग तो कंपनीचा माणूस आला. चकचकीत बूट, आणि ते माझ्या ओल्या फळीवर! समोरच्या काठावर जुगारघर होणार म्हणाला. "मॅडम, लोक लांबून येतील. तुमच्या या छोट्या घराचा भाव बघता बघता दुप्पट होईल."

"मला विकायचंच नाही," आर्डिथ म्हणाली. "तुमचा भाव काय चाटू?"

तो घसरून पडता पडता वाचला. मी प्रयत्न केला होता.

ऑरिनला मात्र भाव हवा होता. त्याचे गुडघे गेले होते. दक्षिणेत उन्हात राहणाऱ्या लेकीकडे जायचं, तर घर विकणं भाग होतं. मार्चमध्ये गावाची सभा भरली. दरवर्षीप्रमाणे दोघं एकाच बाकावर बसली, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा आर्डिथच्या शेजारचाच हात जुगारघरासाठी वर गेला. विरोधापेक्षा अकरा हात जास्त पडले आणि ठराव पास झाला. मे महिन्यात ऑरिन मला पाण्यात घालायला आला खरा, पण काम होताच निघाला. जेवायलाही थांबला नाही.

भाव वाढला. कागदावर! गावाने घरांची किंमत नव्याने ठरवली आणि तिच्या पाठोपाठ घराचा कर वाढला. आर्डिथने ते पत्र माझ्यावर बसून तीनदा वाचलं. समोर झाडं पडत होती, यंत्रं घरघरत होती, आणि जे पाणपक्षी दर वर्षी तळ्याच्या कोपऱ्यात घरटं करत, ते त्या वर्षी आलेच नाहीत.

जुलैत एक जोडपं ऑरिनचं घर बघायला आलं. ऑरिन आत कागद आणायला गेला, तेवढ्यात ती दोघं माझ्यावर बसलेल्या आर्डिथकडे चालत आली. "आजी, इथे रात्री शांत असतं का हो?" बाईने विचारलं.

आर्डिथने समोर बोट दाखवलं. "ते यंत्र दिसतंय ना? तिथे पुढच्या वर्षीपासून रात्रभर दिवे जळतील. चांदण्या बघायच्या असतील तर आताच बघून घ्या."

जोडपं ऑरिनचा चहासुद्धा न पिता निघून गेलं. ऑरिन तरातरा आला. माझ्या फळ्या थरथरल्या.

"माझं गिऱ्हाईक पळवलंस तू!"

"खरं सांगितलं. तू सांगणार होतास का?"

"तुला कोणी विचारलं होतं?"

"त्यांनी विचारलं होतं. आणि मार्चमध्ये मला कोणी विचारलं होतं रे? हात वर करताना माझ्याकडे बघितलंस तरी?"

"माझे गुडघे बघ आधी! इथे कुजून मरू का तुझ्या सोबतीला?"

"मर नाहीतर जा. पण माझं घर तुझ्या गुडघ्यांना बांधू नकोस."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय! विकलं न गेलेल्या घराच्या भावावरून तीस वर्षांचा शेजार मोडला, आणि मोडला तो माझ्या पाठीवर.

ऑक्टोबर आला. आर्डिथने घेवडा भाजायला ठेवला आणि खिडकीत उभी राहिली. मी सांगतो ते नीट ऐका, कारण हे फक्त मी पाहिलं. ऑरिन रबरी विजार चढवून त्याच्या काठावर उभा होता. पूर्ण तयार! तो तिच्या खिडकीकडे बघत होता, ती त्याच्याकडे. तिने नुसता हात केला असता तरी तो आला असता. तो चार पावलं आला असता तरी तिने दार उघडलं असतं. अर्धा तास दोघं तशीच. मग ऑरिन आत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पैसे देऊन माणसं आणली आणि फक्त आपला धक्का काढून घेतला.

मग आर्डिथ एकटीच पाण्यात उतरली. माझं एक टोक तिने उचललं, दुसरं कोण उचलणार? पाय घसरला, पाणी विजारीत शिरलं. कशीबशी रांगत काठाला लागली आणि बराच वेळ तिथे बसून रडली. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही.

बर्फाने मला कसं पिळलं ते सांगत नाही. एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ फुटला, वारा सुटला आणि बर्फाच्या लाद्यांनी माझे तुकडे ढकलत नेऊन ऑरिनच्या काठावर फेकले. ऑरिनने ते गोळा केले. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन दिवस एकेक फळी वाहून तिच्या दारात रचली. तिसऱ्या दिवशी आर्डिथ बाहेर आली.

"तेव्हा आला असतास तर."

"हाक मारली असतीस तर."

अंगणात पाटी होती, घर विकण्याची. कर झेपेना म्हणून तिनेही लावली होती. ऑरिनची पाटी तर आता वाऱ्यावादळाने वाकली होती.

"ही लाकडं घेऊन जा," ती म्हणाली. "घर बघायला माणसं येतात माझ्याकडे."

"कोण येतं?"

तिने समोर पाहिलं. जुगारघराचे दिवे भर दुपारी चालू होते. "कोणी नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, आता मी ऑरिनच्या सरपणात पडलो आहे. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. मला निगा कशाची राखायची ते सांगायचं आहे: शेजाराची. शेजाऱ्याशी भांडण होईल, जरूर होऊ द्या, काही भांडणं करायलाच हवीत. पण भांडताना जड वस्तूचं एक टोक तुमच्या हातात असू द्या आणि दुसरं त्याच्या. म्हणजे रागाने निघून जाता येत नाही.