आचाऱ्याची जागा

"आमच्या घरी चपात्या बाबा लाटतात!" शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिलंच वाक्य हे टाकलं, आणि काय टाळ्या! पहिला नंबर! तेव्हापासून मला कोणाचीच भीती वाटत नाही. बाबांची कुरिअरची नोकरी सुटली, तेव्हा आईनेच त्यांना सगळं शिकवलं. खोबरं किती भाजायचं, वाटप किती बारीक करायचं, सगळं.

आई आठ वर्षं दादरच्या एका केटररकडे भाज्या चिरते, वाटप करते. रोजचे सहाशे. गेल्या महिन्यात तिथला आचारी कायमचा गावी गेला. त्याला चौदाशे मिळायचे. त्यानंतर चार लग्नांचं जेवण आईने एकटीने उतरवलं. सहाशेतच.

"आई, आचाऱ्याची जागा माग ना!"

"तू चल गो सोबत. माझी जीभच वळत नाही त्यांच्यासमोर."

बाबांनाही घेतलं. केटरर शंतनुशेठ काळ्या वाटाण्याची उसळ चाखत होते, आईनेच केलेली.

"शेठ, ही जागा आईला द्या. चौदाशेवर," मी खणखणीत बोलले.

ते हसले. "पोरगी वकील होणार! अगं, एवढे मोठे टोप, बाईमाणसाला झेपणार का?"

"आमच्याकडे बाई-पुरुष असलं काही नसतं! बाबापण अशीच उसळ करतात. चाखून बघा, फरक कळणार नाही!"

शेठ पळी खाली ठेवून बाबांकडे वळले. "काय सांगतेस! आनंदा, सोमवारपासून ये मग. चौदाशे."

"शेठ, मला हिनेच शिकवलंय," बाबा पुटपुटले.

"मग वहिनी आहेतच की हाताखाली."

आई बराच वेळ पदराला हात पुसत राहिली. मग बाबांना म्हणाली, "तुम्ही या. घरातच येणार ना पैसे."

बाहेर आल्यावर ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. "वडापाव खाणार?" एवढंच विचारलं.

आता दोघं सकाळी सातला निघतात. बाबा टोपापाशी, आई खाली खोबरं किसत. मीठ बरोबर आहे का, ते बाबा अजून तिलाच हळूच विचारतात. आनंदाच्या हाताला काय चव आहे, असं लोक म्हणतात म्हणे.

संध्याकाळच्या चपात्या आता मी लाटते. आंतरशालेय स्पर्धेची तालीम साडेपाचला असते, बाईंनी दोनदा निरोप पाठवला. भाषण तेच करायचंय. पण त्यातलं पहिलंच वाक्य आता खोटं आहे.